डॅशकॅम चालू दिसतो, पण हवी ती फाइल मिळत नाही: बिघाड शोधायचा कसा

सिग्नलला उभा होतो. रस्त्याला थोडा चढ. पुढची गाडी हळूच मागे सरकली आणि माझ्या बंपरला येऊन टेकली. चालक उतरला तो मलाच म्हणाला, "बघून चालवा की, मागून ठोकलीत." मी वाद घातला नाही. आरशामागच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "सगळं आहे त्यात." घरी येऊन कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं, तर शेवटची फाइल ११ दिवसांपूर्वीची! त्या ११ दिवसांत कॅमेरा रोज गाडीबरोबर सुरू होत होता, स्क्रीनवर रस्ता दिसत होता, कोपऱ्यात लाल ठिपकाही लुकलुकत होता. फक्त कार्डावर काही उतरत नव्हतं.

तेव्हापासून स्वस्तातले डॅशकॅम हा माझा जरा जास्तच जिव्हाळ्याचा विषय झालाय. सासऱ्यांचा, भाच्याचा, ऑफिसातल्या चार-पाच जणांचा, असे बरेच कॅमेरे हाताखालून गेले. भिंग किंवा आतली चिप खरोखर गेली होती असा त्यातला एकच निघाला. बाकी सगळ्यांचं दुखणं कार्डाचं, विजेचं नाहीतर उन्हाचं. त्यामुळे "हा गेला, आता दुसरा घेऊ" असं ठरवण्याआधी हे तिन्ही तपासून बघा. आणि दुसरा घ्यायचंच ठरलं, तरी तो या तिघांपुढे टिकेल का हे आधी बघा, ४के वगैरे नंतर.

आधी फाइलींची नावं वाचा

लगेच व्हिडिओ बघत बसू नका, त्यात अख्खी संध्याकाळ जाते. कार्ड कॉम्प्युटरला लावा आणि फोल्डरमधली यादी नावाप्रमाणे लावा. बहुतेक कॅमेरे फाइलीच्या नावातच तारीख-वेळ घालतात. उदाहरणार्थ २०२५०३१४_०९०३०० म्हणजे १४ मार्च, सकाळी ९ वाजून ३ मिनिटं. कार्ड भरलं की कॅमेरा सगळ्यात जुनी फाइल पुसून त्या जागी नवी लिहितो, याला लूप म्हणतात. लूप ३ मिनिटांचं असेल, म्हणजे एकेक फाइल ३ मिनिटांची, तर पुढची फाइल ०९०६००, त्यापुढची ०९०९००, अशी माळ लागली पाहिजे. एखाद्या सेकंदाचा फरक चालतो. ०९०६ नंतर एकदम ०९१४ आलं, तर मधली ५ मिनिटं गेली कुठे, हा प्रश्न.

माळ कुठे तुटते यावरून अर्धं निदान होतं. गाडी सुरू केल्या केल्या एक ८-१० सेकंदांची तुटकी फाइल आणि मग व्यवस्थित माळ, असं असेल तर सेल्फ मारताना सॉकेटची वीज क्षणभर जाते, एवढंच. त्याची काळजी नको. खराब रस्त्याच्या पट्ट्यातच फटी पडत असतील तर पिन किंवा सॉकेट ढिलं आहे. दुपारी, गाडी उन्हातून काढल्यावर फटी पडतात आणि संध्याकाळी नाही, तर उष्णता. फटी कुठेही, कशाही, आणि मधूनच ० केबीच्या फाइली, तर कार्डावर संशय घ्या. माळ अखंड आहे पण गाडी बंद करतानाची शेवटची फाइल उघडतच नाही, किंवा सगळ्या फाइलींवर कुठल्या तरी जुन्या वर्षातली १ जानेवारी आहे, तर कॅमेऱ्यातली छोटी बॅटरी संपली.

एक पथ्य पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन दिवस गाडी चालवा. कार्डही बदललं, वायरही बदलली, सेटिंगही बदललं, आणि मग बरं झालं, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच.

कार्ड

माझे ११ दिवस कार्डाने खाल्ले होते. कसं कळलं सांगतो. कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट केलं. "फॉरमॅट पूर्ण" असा संदेश आला. कार्ड काढून परत घातलं, तर जुन्या सगळ्या फाइली जशाच्या तशा हजर. लॅपटॉपवर डिलीट करून बघितल्या, गेल्या. कार्ड काढून लावलं, पुन्हा हजर. कार्डातल्या पेशी पार झिजल्या की काही कार्डं स्वतःला कुलूप लावून घेतात: वाचता येतं, लिहिता येत नाही. आणि स्वस्त कॅमेरा लिहिलेलं परत वाचून बघत नाही. तो आपला लिहिल्यासारखं करतो आणि लाल ठिपका लुकलुकवतो.

ही परीक्षा २ मिनिटांची आहे. हव्या त्या फाइली कॉपी करून घ्या, फॉरमॅट करा, कार्ड बाहेर काढा, परत घाला. जुन्या फाइली परत आल्या तर ते कार्ड संपलं. त्यावर कुठलंही सॉफ्टवेअर चालवण्यात अर्थ नाही.

कार्ड इतक्या लवकर का झिजतं, याचा हिशोब करून बघितला तेव्हा मी आधी काय चुकत होतो ते कळलं. फुल एचडी, सेकंदाला ३० चित्रं, असं रेकॉर्डिंग साधारण १६ मेगाबिट प्रतिसेकंद या दराने होतं. म्हणजे सेकंदाला २ एमबी, तासाला ७ जीबीच्या वर. ३२ जीबीचं कार्ड साडेचार तासांत भरतं. रोज २ तास गाडी चालवली तर वर्षात अख्खं कार्ड सुमारे १६० वेळा पुसून लिहिलं जातं. पुढचा-मागचा असे दोन कॅमेरे असतील तर त्याच्या दुप्पट. आणि गाडी उभी असतानाही २४ तास रेकॉर्डिंग ठेवलं तर एकट्या पुढच्या कॅमेऱ्यासाठी दिवसाला पाचदा! फोनमध्ये हेच कार्ड वर्षानुवर्षं टिकतं, कारण तिथे आपण फोटो साठवतो आणि विसरतो. डॅशकॅममध्ये ते सतत घासलं जातं.

त्यावरून दोन गोष्टी निघतात. एक, कार्डाच्या वेगापायी जास्त पैसे घालवू नका. यू१ खूण असलेलं कार्ड सेकंदाला किमान १० एमबी लिहितं, यू३ किंवा व्ही३० वालं ३० एमबी. आपल्याला लागतात २. दोन कॅमेऱ्यांचे किंवा ४के चे ४ ते ८ धरा. तरी पुरतं. दोन, पैसे घाला ते टिकाऊपणात. "हाय एंड्युरन्स" नावाने मिळणारी कार्डं याच कामासाठी बनवलेली असतात आणि त्यांच्या पाकिटावर किती तास रेकॉर्डिंग चालेल ते लिहिलेलं असतं. साध्या कार्डांच्या वॉरंटीची बारीक अक्षरं वाचा, डॅशकॅमसारखा सततचा वापर बऱ्याच ठिकाणी सरळ वगळलेला असतो.

मोठं कार्डही जास्त टिकतं, कारण १२८ जीबी भरून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला ३२ जीबीच्या चौपट वेळ लागतो. पण आधी तुमचा कॅमेरा जास्तीत जास्त किती जीबी घेतो ते बघा. इथे एक नेहमीची अडचण येते. कार्डावर फाइली मांडायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एफएटी३२ पद्धतीची येतात, ६४ आणि वरची एक्सफॅट. कित्येक स्वस्त कॅमेऱ्यांना एक्सफॅट वाचता येत नाही, मग ते नव्या कोऱ्या कार्डावर "कार्ड एरर" दाखवतात आणि माणूस दुकानात भांडायला जातो. कॅमेऱ्याच्याच मेनूतून फॉरमॅट करा, म्हणजे तो स्वतःला चालेल अशी मांडणी करून घेतो. कॉम्प्युटरवर फॉरमॅट करून गाडीत लावायची सवय मोडा. महिन्यातून एकदा कॅमेऱ्यात फॉरमॅट करणं चांगलं. मी महिन्यातल्या पहिल्या पेट्रोलला करतो, लक्षात राहतं.

बनावट कार्डांचा प्रकार वेगळा. वर १२८ जीबी छापलेलं, आत १६. कॉम्प्युटरही १२८ दाखवतो, कारण कार्डाला तसं खोटं बोलायला शिकवलेलं असतं. पहिले दोन तास सगळं छान चालतं. मग ते नव्या फाइली जुन्यांवर लिहायला लागतं किंवा सरळ फेकून देतं. यादीत नावं दिसतात, उघडायला गेलं की काही नाही. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफ३ ही फुकट साधनं आहेत. ती कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतात. मोठ्या कार्डाला तास-दीड तास सहज लागतो, रात्री लावून झोपा. नवं कार्ड, कितीही ओळखीच्या माणसाकडून घेतलेलं असलं तरी, मी आता या परीक्षेशिवाय गाडीत लावत नाही.

कार्ड भरलं, कार्ड भरलं

सासऱ्यांची तक्रार वेगळी होती. "अहो जावईबापू, हा रोज ओरडतो कार्ड भरलं म्हणून. जुनं आपोआप पुसतो म्हणाला होता ना तुम्ही?" पुसतो, पण कुलूपबंद फाइली सोडून. कॅमेऱ्यात धक्का ओळखणारा जी-सेन्सर असतो. धक्का बसला की त्या वेळची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जाते आणि लूप तिला हात लावत नाही. त्यांच्या ३२ जीबी कार्डातले १९ जीबी या फोल्डरने अडवले होते. बसून बघितलं. घराजवळचा गतिरोधक, घराजवळचा गतिरोधक, डिकी आपटली, पुन्हा गतिरोधक. सेन्सर "हाय"वर होता. फोल्डर रिकामा केला, सेन्सर "लो"वर नेला, ओरडणं थांबलं.

चांगल्या कॅमेऱ्यांत कुलूपबंद फाइलींसाठी जागेची मर्यादा असते. स्वस्तात ती असेलच असं नाही. कुलूपबंद फाइली वाढत जातात, लूपला जागा कमी पडत जाते, शेवटी २०-२५ मिनिटांतच सगळं फिरून येतं. तुम्ही घरी पोचेपर्यंत सकाळची धडक पुसली गेलेली असते. सेन्सर पूर्ण बंद मात्र करू नका. खराब रस्त्यावर "लो", बाकी "मीडियम", आणि काही घडलं की हाताने कुलूप लावायचं बटण कुठे आहे ते अंधारातही बोटाला सापडेल इतकं सरावाचं करा.

वीज

यातला सगळ्यात गंमतशीर प्रकार म्हणजे "कॅमेरा सुरूच होत नाही, नुसती यूएसबीची खूण येते." नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर यूएसबीचं भोक असतं, तिथे वायर खोचली की झालं असं वाटतं. पण ते भोक गाणी वाचण्यासाठीही असतं. कॅमेरा समजतो आपल्याला कॉम्प्युटरला जोडलंय, आणि पेनड्राइव्ह होऊन गप्प बसतो. शिवाय त्या भोकातून बऱ्याचदा अर्धा अँपिअरच मिळतो, दोन कॅमेऱ्यांना तो पुरत नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेलाच ॲडॉप्टर लायटर सॉकेटला लावा. यूएसबीच वापरायचं असेल तर नुसती वीज नेणारी, डेटा न नेणारी वायर घ्या.

वायर हा दुर्लक्षित प्राणी आहे. मूळची तुटली म्हणून माणूस घरात पडलेली ३ मीटरची बारीक वायर लावतो. जाताना ३ मीटर आणि येताना ३ मीटर मिळून ६ मीटर बारीक तांबं, म्हणजे सव्वा ओहमच्या आसपास रोध. कॅमेऱ्याने अर्धा अँपिअर ओढला की ०.६ व्होल्ट वाटेतच गळतात. ५ व्होल्ट निघाले, पोचले ४.४. दिवसा कॅमेरा कसाबसा चालतो, रात्री इन्फ्रारेड दिवे किंवा मागचा कॅमेरा सुरू झाला की बंद पडून परत सुरू होतो. परत सुरू व्हायला ५-१० सेकंद. फाइलींच्या माळेतल्या छोट्या छोट्या फटी त्या याच.

वीज दोषी आहे का हे ओळखायला एक साधी युक्ती. चार्ज केलेली पॉवरबँक आणि आखूड वायर घेऊन दोन दिवस कॅमेरा त्यावर चालवा. फटी गेल्या तर दोष सॉकेट, ॲडॉप्टर किंवा वायरीत. राहिल्या तर कार्डाकडे वळा. पॉवरबँक मात्र उन्हात गाडीत सोडून जाऊ नका.

सॉकेट ढिलं असेल तर ॲडॉप्टर हलक्या हाताने फिरवून बघा, आतल्या पत्र्यावर काजळी साठलेली असते. गाडी पूर्ण बंद करून, चावी काढून मगच पुसा. कॅमेरा लावल्यापासून रेडिओत खरखर येत असेल तर तीही स्वस्त ॲडॉप्टरचीच देणगी. वायर अँटेनापासून लांबून न्या किंवा ॲडॉप्टर बदला.

गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग हवं म्हणून थेट फ्यूज बॉक्समधून वीज घेणाऱ्यांसाठी थोडा हिशोब. कॅमेरा सुमारे ३ वॉट खातो, १२ व्होल्टवर पाव अँपिअर. दिवसाला ६ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्म्याच्या खाली. ठरावीक व्होल्टेजला वीज तोडणारी किट लावा, आणि ती मर्यादा १२.२ च्या खाली ठेवू नका, नाहीतर सकाळी सेल्फ नुसता कुरकुरेल. आणि वायर काचेच्या बाजूच्या खांबातून नेताना पडदा एअरबॅगच्या (बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी उघडते ती) मागून गेली पाहिजे, पुढून नाही. पुढून गेली तर एअरबॅग उघडताना ती वायर तुमच्या तोंडावर येईल. खांबावर "एअरबॅग" असं लिहिलेलं दिसलं आणि आत काय आहे ते माहीत नसेल, तर हे काम जाणत्याकडून करून घ्या. इथे पैसे वाचवू नयेत.

ऊन

२०१८ साली ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी आणि कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी उन्हात उभ्या गाड्यांची मोजमापं प्रसिद्ध केली. कडक उन्हात एका तासात आतली हवा सरासरी ४७ अंश सेल्सिअसवर गेली आणि डॅशबोर्ड ६९ वर. काचेला चिकटलेला कॅमेरा या दोघांच्या मध्ये कुठेतरी भाजत असतो. त्यात लिथियमची बॅटरी असेल तर ती फुगते. कॅमेरा हातात घेऊन कडा बघा. दोन प्लॅस्टिकांमधली फट एका बाजूला रुंदावलेली, स्क्रीन मधोमध किंचित उचललेला, बटण दाबल्यावर परत वर येत नाही, असं काही दिसलं तर तो कॅमेरा लगेच गाडीबाहेर काढा. बॅटरी टोचू नका, दाबून बसवू नका, चार्ज तर अजिबात करू नका. सरळ ई-कचऱ्यात द्या.

म्हणून निवडताना माझी पहिली अट बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा भाग. काम एकच: गाडी बंद झाली, वीज गेली, की शेवटची फाइल नीट मिटवण्यापुरती काही सेकंदांची ऊर्जा पुरवणं. तो उष्णता फार चांगली सोसतो आणि फुगत नाही. वीज नसताना कॅमेरा चालणार नाही हे खरं, पण छोट्या बॅटरीवरही तो असा कितीसा चालतो? जाहिरातीत "इनबिल्ट बॅटरी" हा गुण म्हणून लिहिलेला असतो. मी तो दोष समजतो.

जागा आरशाच्या मागे, वायपर फिरतो त्या पट्ट्यात. गाडीला पुढची काच बघणारा स्वतःचा कॅमेरा असेल तर त्याच्यासमोर नको. काचेच्या वरच्या कडेला काळे ठिपके असतात, त्या खडबडीत भागावर कॅमेरा चिकटवायची टेप नीट धरत नाही. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टेप अर्धा मिनिट दाबून धरा, आणि कॅमेरा शक्य तर दुसऱ्या दिवशी लटकवा. त्या टेपला पूर्ण पकड यायला सामान्य तापमानात ३ दिवस लागतात. लावल्या लावल्या कॅमेरा लटकवला की तो तिसऱ्या दिवशी मांडीवर पडतो आणि माणूस टेपला नावं ठेवतो.

नंबरप्लेट का वाचता येत नाही

भाच्याने नवा कॅमेरा आणला. "मामा, ४के आहे!" रात्री फेरी मारून आलो, एकही नंबर वाचता येईना. यात थोडा भाग जाहिरातीचा असतो. खरं ४के म्हणजे ८३ लाख ठिपके, फुल एचडी २१ लाख. सेन्सर फुल एचडीचा आणि फाइल ताणून ४के केलेली, असे कॅमेरे भरपूर आहेत. सेन्सरचं नाव छापलेलं असेल तर शोधून बघा. नाव लपवलेलं असेल तर काय समजायचं ते समजा.

पण खरं ४के असतं तरी रात्री फार फरक पडला नसता. कमी उजेडात कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी सेकंदाचा ३० वा भाग डोळा उघडा ठेवतो. ताशी ६० किलोमीटरने आडवी जाणारी गाडी तेवढ्यात ५५ सेंटिमीटर सरकते, म्हणजे अख्ख्या नंबरप्लेटच्या रुंदीइतकी. भर दिवसा हजाराव्या भागात तीच गाडी दोन सेंटिमीटरही सरकत नाही. पुसट झालेली अक्षरं जास्त ठिपक्यांनी स्पष्ट होत नाहीत. त्यापेक्षा कमी उजेडात चांगला सेन्सर असलेला, अस्सल फुल एचडी किंवा त्याच्या वरच्या पायरीचा, १४४० चा कॅमेरा घ्या. कोनही फार रुंद नको. १२० अंशांवर पसरलेल्या फुल एचडीत १० मीटरवरची अर्धा मीटर रुंद प्लेट जेमतेम ४५ ठिपक्यांत बसते, दर अक्षराला ४-५. ५ मीटरवर आली की ९०, तेव्हा वाचता येते. १७० अंशांची फुशारकी मारणारा कॅमेरा समोरचं सगळं आणखी बारीक करतो.

माझा उपाय फुकटातला आहे: माइक चालू ठेवा आणि काही घडलं की नंबर मोठ्याने वाचा. कॅमेऱ्याला न दिसलेला नंबर तुमच्या आवाजात फाइलीत राहतो. मात्र गाडीतलं बोलणं रेकॉर्ड करण्याचे नियम सगळीकडे सारखे नसतात, ते तुमच्याकडचे बघून घ्या. आणि बरोबरच्यांना सांगून ठेवा. आमच्याकडे एकदा रेकॉर्डिंगमधून भलतंच भांडण बाहेर आलं होतं.

सिग्नलचा लाल दिवा व्हिडिओत विझलेला किंवा फडफडताना दिसतो, हाही नेहमीचा प्रश्न. एलईडी दिवे विजेच्या तालावर लुकलुकतात, डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मेनूत ५० किंवा ६० हर्ट्झ असं सेटिंग असतं, ते तुमच्याकडच्या विजेप्रमाणे ठेवा. पूर्ण जात नाही, कमी होतं.

घड्याळ तेवढं महिन्याच्या फॉरमॅटबरोबरच फोनशी जुळवून घ्या. जीपीएसवाले कॅमेरे आपोआप जुळवतात. २०१३ साली चेल्याबिन्स्कवर फुटलेल्या उल्केचा मार्ग संशोधकांनी गाड्यांतल्या अशाच कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून काढला होता. आपल्याला आकाशातलं काही मोजायचं नसतं, पण बंपरच्या वादातही दीड तास पुढे असलेलं घड्याळ समोरच्याच्या पथ्यावर पडतं.

वाय-फाय, आवाजी आज्ञा, लेन सोडल्याचा इशारा वगैरेसाठी जास्त पैसे मोजू नका. त्यापेक्षा कार्ड बिघडल्यावर बीप करतो का ते विचारा. दुकानात किंवा परत करायच्या मुदतीत कार्ड काढून कॅमेरा सुरू करून बघा. गुपचूप सुरू झाला आणि काहीच बोलला नाही, तर परत करा.

शेवटची फाइल उघडत नसेल तर

जोरदार धडकेत वीज जाते आणि नेमकी तीच फाइल अर्धी राहते. एमपी४ फाइलीत चित्रं आधी लिहिली जातात आणि कुठलं चित्र कुठे आहे याची सूची बऱ्याच कॅमेऱ्यांत फाइल मिटवताना, शेवटी. सूची लिहायच्या आधी वीज गेली की चित्रं आत असूनही प्लेअरला काही सापडत नाही. टीएस प्रकारात लिहिणारे कॅमेरे इथे उजवे, त्यांची फाइल कुठेही तुटली तरी तोवरचा भाग दिसतो. मेनूत निवड असेल तर टीएस ठेवा, किंवा निदान लूप १ मिनिटाचं करा, म्हणजे गेलं तर एक मिनिट जाईल.

फाइल अर्धी राहिलीच तर कॅमेरा पुन्हा सुरू करू नका. तो फाइल "दुरुस्त" करायला जातो आणि कधीकधी पुसून मोकळा होतो, शिवाय लूप पुढे सरकतं. कार्ड काढा. त्याच्या कडेला लिहिण्याची सोय बंद करणारी खिट्टी नसते, पण ते घालायच्या मोठ्या ॲडॉप्टरला असते. ती लॉकवर सरकवूनच कॉम्प्युटरला लावा आणि सगळं कॉपी करून घ्या. मग कॉपीवर अनट्रंक नावाचं फुकट साधन चालवा. त्याला त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेली एक धडधाकट फाइल नमुना म्हणून लागते. तिच्यावरून ते तुटक्या फाइलीची सूची नव्याने बांधतं. म्हणूनच एक चांगली चालणारी फाइल मी आधीच लॅपटॉपवर ठेवून दिली आहे, आणि कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन बदललं की तीही बदलतो.